दोन लांब, एक तुटका

आमच्या राजेश्वरात दस्तगीरभाईचा हॉर्न लहानथोर सगळ्यांना ओळखू यायचा. दोन लांब आणि एक तुटका. पुणे-हैदराबाद रस्ता गावाच्या कडेनं जातो आणि त्यावरून दिवसभर इतक्या लॉऱ्या जायच्या की आमच्या कानांनी त्यांच्याकडे लक्ष देणं केव्हाच सोडलं होतं. पण हा हॉर्न आला की आमची अव्वा चुलीपुढून म्हणायची, "आला गं चाँदबीचा ल्योक." सवड असली तर तो लॉरी धाब्यापाशी लावून चालत घरी यायचा. सवड नसली तर नुसता हॉर्न देऊन पुढं जायचा, आणि मग शेजारच्या माळवदावर त्याची बायको रजियाभाबी पदर हलवत उभी राहायची. दोघांनाही एकमेकांचं काही दिसत नसे. रस्ता लांब, मधे चिंचेची झाडं. तरी ती हलवायची आणि तो पुन्हा एकदा वाजवायचा. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि चाँदबीचाचीला सुनेच्या या माळवदावर चढण्याचा मनापासून राग होता. "नवरा रस्त्यात, बायको छतावर," ती म्हणायची, "आनि भाकरी तव्यावर."

त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती. त्या भिंतीतला एक कोनाडा कधीतरी आरपार ढासळला होता. दर उन्हाळ्यात तो बुजवायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात राहायचं, कारण दोन्हीकडच्या बायकांना तो हवा होता. आमच्याकडून तिकडं ताक, शेंगाचटणी, कडक भाकरीची चवड जायची. आम्ही लिंगायत, त्यामुळं तिकडचं शिजलेलं घ्यायचं नाही असा अप्पांचा नियम होता. ईदेला शिरखुर्म्याचा डबा कोनाड्यातून यायचा तेव्हा अव्वा "नक्को गं, नक्को" म्हणत तो घ्यायची आणि अप्पा शेतावरून यायच्या आत आम्ही तो धुऊन परत द्यायचो. मी मॅट्रिकला आपटून घरी बसले होते. घरकामाचा कंटाळा, अभ्यासाचा त्याहून कंटाळा. दिवसातला निम्मा वेळ मी त्या कोनाड्याला चिकटलेली असायचे. रजियाभाबी माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी. माहेर मन्नाएखेळ्ळीचं. घरात दखनी बोलायची, माझ्याशी मराठी, आणि सासूच्या नकला दोन्ही भाषांत करायची.

त्या साली संक्रांतीनंतर दस्तगीरभाई आसामकडचा माल घेऊन गेला. एवढ्या लांबच्या खेपेला महिनोन्‌महिने जायचे. मधे एकदा तो असाच सहा महिन्यांनी उगवला होता आणि चाँदबीचाचीनं त्याला दारात उभं करून लाटणं दाखवलं होतं. फोन वगैरे गोष्टी तेव्हा पोस्टमास्तरांच्या टेबलावर असायच्या आणि त्याही बहुधा बंद. त्यामुळं काळजी करायची रीतच नव्हती.

उगादीचा पाडवा झाला. आमच्या अक्काचं लग्न ठरलं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी कासारीण बांगड्या भरायला आली. ओसरीवर बायका दाटून बसल्या होत्या. रजियाभाबीनंही हात पुढं केला. कासारीण म्हणाली, "हात लोण्याचा हाय गं तुझा, बांगडी आपनच चढायलीय." त्यावर चाँदबीचाची म्हणाली, "हात लोन्याचा, जबान वस्तऱ्याची." रजियाभाबी इतकी हसली की तिला ठसका लागला आणि अव्वाला तिच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. मग ती आमच्याकडं जेवली. पुरणाच्या दोन होळग्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं, आणि दुपारभर अक्काच्या पायांना मेंदी लावत बसली. तो दिवस मला इतका बारीकसारीक आठवतो याचं कारण पुढं तो मला पुष्कळदा सांगावा लागला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, शेवया करायच्या उन्हाळ्यात, मी ऊन उतरल्यावर माळवदावरच्या शेवया गोळा करत होते. हॉर्न आला. दोन लांब, एक तुटका. मी सूप तिथंच टाकलं आणि त्यांच्या माळवदाच्या कडेशी जाऊन खाली ओरडले, "भाबी, भाई आले, भाई!" रजियाभाबीला वर यायला वेळ लागला. हाताला कणीक होती. मी तिचं मनगट धरून तिला कठड्यापर्यंत ओढत नेलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, आणि पदर हलवला. हॉर्न पुन्हा आला. मी उड्या मारत होते. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "चल, रोट्या राहिल्यात माझ्या." त्या संध्याकाळी तो घरी आला नाही. सवड नसेल, असं सगळे म्हणाले.

मुगाच्या शेंगा तोडायच्या दिवसांत बाबूमियाँ आला. तो दस्तगीरभाईच्या लॉरीवरचा क्लीनर, चाळिशीचा माणूस. काखेत कुबडी होती आणि एक पाय आखडलेला. चाँदबीचाचीच्या उंबऱ्यावर बसून त्यानं पाणी मागितलं आणि ते न पिता तांब्या नुसता हातात धरून बसला. मी कोनाड्यातून बघत होते. डोंगरात रस्ता खचला, म्हणाला. गाडी खाली गेली. तिथल्या गाववाल्यांनी दोघांना वर काढलं. दस्तगीरभाई जागेवरच गेले. त्या गावात मशीद होती, त्या लोकांनी नमाज पढून नीट माती दिली, ते सगळं मागून याला दवाखान्यात कळलं. डोक्याला मार बसल्यानं याची वाचा लई दिवस गेली होती. गाडीचा मालक हैदराबादला समजून होता की गाडी तिकडंच दुसऱ्या भाड्याला लागली.

"उगादीच्या दुसऱ्या दिवशी झालं," बाबूमियाँ म्हणाला. "उगादीला दस्तगीरभाई गाडी चालवत चालवत बोलले, आज आपल्या गावात उगादी, बाजूची शांती कडुनिंब खाऊन तोंड वाकडं करायली असंल. आनि दुसऱ्या दिवशी सकाळी हे असं."

कोनाड्याच्या अलीकडं उभी राहून मी माझं नाव ऐकलं. एखाद्या माणसाच्या शेवटच्या बोलण्यात आपलं नाव असावं, ही गोष्ट आयुष्यभर पुरते. चांगल्या अर्थानं पुरते की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चाँदबीचाची ओरडली नाही. तिच्या मांडीवर तांदळाचं सूप होतं, त्यातले खडे ती वेचत राहिली. रजियाभाबी आतल्या खोलीत गेली आणि थोड्या वेळानं बांगड्या फुटल्याचा आवाज आला.

अव्वानं मला त्यांची रीत समजावून सांगितली. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस त्याच्याच घरात बसायचं. उंबरा ओलांडायचा नाही, बांगड्या नाहीत, सुरमा नाही, मेंदी नाही, नवं लुगडं नाही. त्याला इद्दत म्हणतात. आणि त्या दिवसांत तिच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट कुणी तोंडातूनसुद्धा काढायची नाही. "लई शाणपणाचं हाय बघ," अव्वा म्हणाली. "आपल्यात पाचव्या दिवशी सासू ज्वारी निवडायला बसवती."

तिसऱ्या दिवशी जियारत झाली. दस्तगीरभाईसाठी फातेहा पढून माणसं गेली आणि अंगणात चौघंच उरली. मुल्लासाब होते, म्हातारे, दम्याचे, एरवी शिलाई मशीन चालवायचे. बाबूमियाँ होता. रजियाभाबीचे अब्बा मेहबूबसाब मन्नाएखेळ्ळीहून जीप घेऊन आले होते. हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान. आणि चाँदबीचाची. रजियाभाबी पडद्यामागं. मुल्लासाबांनी बाबूमियाँला पुन्हा एकदा दिवस विचारला, बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली. मग म्हणाले, "बेटी के दिन तो गुजर गये."

कुणाला काही कळेना. त्यांनी सांगितलं की हे दिवस खबर मिळाल्यापासून मोजत नाहीत, माणूस गेल्यापासून मोजतात. उगादीच्या दुसऱ्या दिवसापासून धरले तर चार महिने दहा दिवस होऊन वर थोडे झाले. तिला माहीत नव्हतं तरी तिची इद्दत होऊन गेली. आता तिच्यावर कसलंच बंधन नाही.

म्हणजे रजियाभाबी अक्काच्या लग्नात गाणी म्हणत होती तेव्हा इद्दतीत होती. हिरव्या बांगड्या घालून, मेंदी लावून, माझ्याबरोबर चिंचा फोडत आणि सासूच्या नकला करत तिनं आपले सगळे दिवस काढून टाकले होते.

मेहबूबसाबांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. ते वाईट नव्हते. घरी आणखी दोन मुली होत्या. "मग मी हिला आजच नेतो," ते म्हणाले. "आमच्या गावात एक गिरणीवाला हाय, बायको वारलीय, सोन्यासारखा मानूस. ह्या जुम्म्याला बोलून घेऊ. बसून तरी काय करायचं हाय हितं?"

"अब्बा," पडद्यामागून आवाज आला, "मला कळून आज तिसरा दिवस हाय."

"बेटी, दिन हो गये तेरे."

"माझे कुठं झाले?" ती म्हणाली. मग ती मुल्लासाबांना म्हणाली, "शेवयाच्या दिवसांत ते जिते होते. त्यांचा हॉर्न वाजला. मी वर जाऊन पदर हलवला. शांती संगं होती माझ्या, इचारा तिला."

मला बोलावलं गेलं. मुसलमानाच्या अंगणात लिंगायताच्या पोरीनं साक्ष द्यायची, म्हणून अप्पा मागोमाग आले आणि दारात खाकरत उभे राहिले. मुल्लासाबांनी मला जवळ बसवलं.

"ऐकलीस?"

"व्हय."

"कवा?"

"शेवया वाळायलत्या. उगादीच्या लई मागून."

"त्याचाच होता?"

"दोन लांब, एक तुटका," मी म्हणाले. "भाईचाच होता." मला त्यात तिळभर शंका नव्हती.

मेहबूबसाब म्हणाले, लॉऱ्यांच्या हॉर्नचं काय, सतरा लॉऱ्यांना तसलेच असतात, माझं दुकानच रस्त्यावर हाय. मुल्लासाबांनी बाबूमियाँकडं पाहिलं. बाबूमियाँ पडद्याकडं बघत होता. पडद्याच्या खाली फक्त तिची पावलं दिसत होती. अक्काच्या लग्नातली मेंदी नखांवर अजून थोडी शिल्लक होती.

"उगादी हाय म्हून दस्तगीरभाई बोलले," बाबूमियाँ सावकाश म्हणाला. "पर डोंगरात कॅलेंडर कुठलं? हिंदूंची उगादी कवा ते त्यांना तरी कुठं पक्कं ठावं? अंदाजानं बोलले असतील. आनि मी मागून बेसुध होतो. दिवस मला इचारू नका, मुल्लासाब."

परवा हाच माणूस छातीठोकपणे दिवस सांगत होता. मुल्लासाबांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं, खोकले, आणि म्हणाले, "दिवसाबद्दल शक आहे तिथं खात्रीची खबर मिळाली तेव्हापासून मोजायचं. परवापासून मोजा."

"मग गिरणीवाल्याला काय सांगू?" मेहबूबसाबांनी विचारलं.

"सांगा, आत्ता बात करायची न्हाई," चाँदबीचाची म्हणाली. तेवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती. "थांबायचा आसंल तर थांबंल." आणि मग पडद्याकडं तोंड करून, "बायकोला चार महिने दहा दिन. माँ को तीनइच दिन मिलते, रजिया. माझे आज सरले. तुझ्या दिवसांत मी माझे काढते."

मग ते चार महिने दहा दिवस सुरू झाले. घर तेच, माणसं तीच. पण तिकडचा आवाजच गेला. चाँदबीचाची सुनेला शिव्या देत नव्हती, सून नकला करत नव्हती. कोनाड्यातून मी ताक दिलं की एक उघडं मनगट पुढं यायचं. रस्त्यावर लॉऱ्या तेवढ्याच होत्या. एखादा लांब हॉर्न आला की दोघींचे हात थांबायचे. मी पलीकडून बघायचे: चाँदबीचाचीच्या हातात लसणाची पाकळी, रजियाभाबीच्या हातात सुई, आणि दोघी पुढच्या हॉर्नची वाट बघतायत. पुढचा दुसऱ्याच कुठल्या तरी तऱ्हेचा यायचा. मग लसूण सोलला जायचा. संध्याकाळी चाँदबीचाची तीन ताटल्या काढायची, एक परत फडताळात ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच काढायची.

मी तिकडं जाऊन बसले की रजियाभाबी एकच विचारायची. "उगादीच्या दुसऱ्या दिवशी मी काय करायलते, सांग."

मी सांगायचे. बांगड्या, लोण्याचा हात, ठसका.

"मग?"

"होळग्या खाल्लाव. दोन."

"काही सांडलं? दूध उतू गेलं? बांगडी पिचली?"

"न्हाई."

"डोळा लवला म्हून बोलले असंन मी."

"न्हाई भाबी. लई हसलाव."

"हसले," ती म्हणायची, जणू पहिल्यांदाच ऐकतेय. मग डोक्यावरून पदर घेऊन भिंतीकडं तोंड करायची, आणि तिची पाठ हलत राहायची. दोन-चार दिवसांनी पुन्हा सांग. एखादा तरी अपशकुन घडला असता तर तिला बरं वाटलं असतं, हे मला कळत होतं. पण घडला नव्हता. एक मात्र मला तेव्हा सुचलं नाही, एवढी चोंबडी असून. शेवयाच्या दिवसांत तो जिवंत होता, तर ही उगादीच्या दुसऱ्या दिवसाचं कामून विचारायलीय?

मार्गशीर्षातल्या अमावास्येची येळवस आली. सगळा गाव शेतात गेला. आम्ही भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील बांधून आणली आणि मी कोनाड्यातून तिकडं दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे दिवस पुरे झाले. तिनं न्हाऊन धुवट लुगडं नेसलं. जीप आली. चाँदबीचाचीनं तिच्या हातात स्वतः दोन बांगड्या चढवल्या आणि म्हणाली, "हात वाळला तुझा." रजियाभाबी तिच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही पडली, आणि गेली. गिरणीवाला थांबला होता. पुढच्या उन्हाळ्यात अप्पांनी कोनाडा बुजवला. कुणी नको म्हणालं नाही.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. देवाशीही माझं बेताचंच आहे. लग्न होऊन हुमनाबादला आले, हायवेच्या कडेला घर, जन्मभर लॉऱ्यांची धूळ पुसत आले. गेल्या वर्षी आमचे हे गेले. माणसं आली, जेवली, गेली. पंधरा दिवस झाले नाहीत तोच मुलगा म्हणाला, "आई, आता इथं काय राहिलंय तुझं? बेंगळुरूला चल. तिकीट काढतो." मी म्हणाले, "आता नाही. बसायचंय मला." "बसायचंय म्हणजे? किती दिवस?" मी म्हणाले, "चार महिने दहा दिवस." आपल्यात असलं कुठं असतं, म्हणाला. मी म्हणाले, नसलं तर नसू दे, मला पाहिजे आहे. दुःख होतं रे मला. तुझ्या तिकिटात ते बसत नाही. तो एकटाच गेला. आई चळली असं त्यानं बायकोला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

त्या दिवसांत एका संध्याकाळी रजियाभाबी मला भेटायला आली. नातवानं मोटारसायकलवरून आणून सोडलं. केस पांढरे, गुडघे गेलेले, गिरणीवालाही जाऊन बरीच वर्षं झालेली. मी तिला मुलाची गोष्ट सांगितली. ती हसली, तसंच, ठसका लागेपर्यंत. मी तिच्या पाठीत थापट्या मारल्या. मग डोळे पुसत ती म्हणाली, "तुला तरी कुनी साक्ष मागितली न्हाई."

"मी खरं तेच सांगितलं होतं, भाबी."

"तू खरंच सांगितलीस गं. पर तो हॉर्न त्यांचा न्हवता."

मी तिच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"त्यांचा असता तर मी कणकेच्या हातानं एकेक पायरी चढत आले असते का? तू इतकी खूश होतीस, म्हून पदर हलवला."

"मग मुल्लासाबाला?"

"मला रडायला दिवस पायजे होते, शांती. दुसरं काय बी न्हवतं माझ्याजवळ. बाबूमियाँला ठावं होतं, मुल्लासाबाला बी ठावं असंल. तेवढे दिवस रडले म्हून मागून गिरणीवाल्याच्या घरात हसता आलं."

चहा झाला. मी बशी तिच्यापुढं सरकवली. सगळ्या जन्मात ज्या एका गोष्टीची मला पक्की खात्री होती, ती या बाईला त्याच दिवशी पटलेली नव्हती. म्हणजे माळवदावर तो हॉर्न ओळखणारी मी एकटीच होते.

बाहेर दिवे लागत होते. हायवेवरून, बसवकल्याणच्या अंगानं, हॉर्न आला. दोन लांब, एक तुटका. रजियाभाबी खाली मान घालून बशीतला चहा फुंकत होती. तिचा हात थांबला नाही. मी उठले, गॅलरीत गेले आणि पदर हलवला.